गहिनीनाथ उतरला का?

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्हा जुन्या कर्मचाऱ्यांना बीडला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय होता नेतृत्वगुण. गारेगार हॉल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली, पडद्यावर बाण काढलेली चित्रं. शिकवणारा पोरगा चुणचुणीत होता. त्यानं सगळ्यांना कागद वाटले आणि चांगल्या नेत्याचे पाच गुण लिहा म्हणाला. माझ्या शेजारच्या बाईंनी धडाधड आठ लिहिले. मी आपली पेन धरून बसले. मला गुण काही आठवेनात, माणसंच आठवायला लागली. कागद कोराच परत दिला तेव्हा तो पोरगा बिचारा काळजीत पडला, म्हणाला, मॅडम, एकही नाही? मी म्हटलं, बाबा, मला एवढ्या थोडक्यात जमत नाही. तर आता जागा मिळाली आहे तेव्हा ऐसपैस सांगते.

मी वीज उपकेंद्रात यंत्रचालक होते. सोप्या भाषेत ऑपरेटर, आणि आमच्या भागातल्या भाषेत 'सबस्टेशनवाली बाई'. शिरूर कासार तालुक्यातलं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात आणि मला अजून त्यांच्या घरच्या लग्नांना जायचं असतं. काम सांगायला अगदी साधं. मोठ्या लाईनवरून वीज आमच्याकडं येते, ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरते आणि चार वाटांनी गावांकडं जाते. त्या एकेका वाटेला फिडर म्हणतात. प्रत्येक फिडरला एक ब्रेकर असतो. भलंमोठं बटणच समजा. ते पाडलं की त्या वाटेवरची सगळी गावं बंद, बसवलं की चालू. हे बसवणं म्हणजे 'चार्ज करणं'. आठ तासांची पाळी, खोलीत मी एकटी, समोर पॅनेल, टेबलावर रजिस्टर आणि एक फोन.

त्या फोननं मला जेवढं शिकवलं तेवढं शाळेनं नाही शिकवलं. एक म्हातारबाबा दरसाल चिंचा झोडपायच्या दिवसांत फोन करायचे आणि म्हणायचे, पाच मिनिटं लाईट घालवा, फांदी तारंवर आलीय. मी म्हणायची, बाबा, तुमच्या चिंचेसाठी मी अकरा गावं बंद करू का? ते शांतपणे म्हणायचे, मग तीन मिनिटं करा. एका लग्नघरानं माझ्याकडून मंगलाष्टकं संपेपर्यंत लाईट जाणार नाही अशी हमी मागितली होती. मी म्हटलं, नवरदेवाची हमी तुम्ही घेतली का, मग माझी कशाला मागता? फोनवाला हसतच सुटला. पिठाच्या गिरणीवाल्याशी तर माझं रोजचं भांडण, आणि तोच माझं दळण सगळ्यात बारीक द्यायचा.

पण खरं काम वेगळंच. तार तुटली, खांबावरचं चिनी मातीचं इन्सुलेटर फुटलं की लाईनमन मला फोन करून 'परमिट' मागतो. मी फिडर बंद करते, ब्रेकरवर 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी अडकवते, रजिस्टरला वेळ आणि नाव लिहिते. तो तिकडं तारेवर साखळी टाकून ती जमिनीला जोडतो आणि वर चढतो. काम झालं की साखळी काढतो आणि फोन करतो, माणसं उतरली, परमिट परत. मग मी चार्ज करते. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत करायचं, दुसऱ्या कुणी नाही. एवढ्या एका फोनवर माणसाचा जीव असतो. तो मैलभर लांब खांबावर, मी इथं खोलीत, आणि मला तो दिसत नाही.

आता कागदावर कुठंच सापडणार नाही अशी एक गोष्ट सांगते. लाईनमन एक आणि गावं सात-आठ. तो किती ठिकाणी पुरणार? म्हणून प्रत्येक गावात एकजण असतो जो खांबावर चढायला शिकलेला असतो. त्याला झिरो वायरमन म्हणतात. झिरो कारण हजेरीपटावर त्याची नोंद शून्य. पगार नाही, कंबरेला पट्टा नाही, हातमोजे नाहीत. गाव त्याला चार पायल्या ज्वारी देतं, चहा पाजतं आणि लाईट गेली की पहिली शिवी पण त्यालाच देतं. हे चूक आहे, बेकायदा आहे आणि मला ते नोकरीभर माहीत होतं. लाईनमनला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं.

आमच्या गावठाण फिडरवरचा झिरो म्हणजे गहिनीनाथ. पंचेचाळिशीचा, काटक, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. खांबावर चढताना शर्ट काढून जवळच्या बाभळीला अडकवायचा, कारण शर्ट एकच चांगला होता. मला 'बाई' म्हणायचा आणि फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायचा की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

आणि आमचे फोरमन आसाराम नाना. आमच्या सगळ्या लाईनमनचे वरिष्ठ. दिसायला काही नाही, बुटके, कपाळावर बुक्का, आवाज खालचा. मी नवीन असताना एकदा त्यांनी चुकीचा फ्यूज टाकला आणि एका गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तेव्हाचे साहेब लाल होऊन आले, कुणी केलं म्हणून. सोबतच्या दोघांनी खाली माना घातल्या. नाना म्हणाले, माझ्या हातून झालं. साहेबांना पुढं काय बोलावं तेच सुचेना, कारण आरडाओरड करायची तयारी करून आलेला माणूस असा निम्म्यातच मोकळा होतो. त्या दिवसापासून आमच्याकडं चूक लपवायची पद्धत बंद झाली. नानांनी त्यावर कधी भाषण दिलं नाही.

नानांची आणखी एक रीत होती. परमिट परत करताना ते फोन फिरवायचे. जेवढी माणसं वर चढली होती त्या प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं मला नाव सांगायचं आणि खाली आहे म्हणायचं. पहिल्यांदा गहिनीनाथचा आवाज आला तेव्हा मी नानांना विचारलं, हा कोण, हा तर आपल्या यादीत नाही. नाना म्हणाले, "बाई, करंट काय यादी बघून धरतोय का?" तेव्हापासून मी रजिस्टरला त्याचंही नाव लिहायला लागले.

नाना निवृत्त झाले. त्याच सुमारास नवे इंजिनीअर म्हणून वाघचौरे साहेब आले, नाशिककडचे, वय सत्तावीस. हुशार, कामाला वाघ, पण चौकशीला फार भ्यायचे. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, मॅडम, हा गहिनीनाथ कोण? बाहेरचा माणूस आपल्या लाईनवर चढतो याचा पुरावा आपणच आपल्या हातानं लिहून ठेवतोय. उद्या तपासणी आली तर सगळेच अडकू. फोनवर पण फक्त लाईनमनलाच बोलू द्या. त्यांचं म्हणणं कागदाच्या बाजूनं बरोबर होतं. मी मान डोलावली. गहिनीनाथचं चढणं थांबलं नाही, फक्त त्याचं नाव लिहिणं थांबलं. त्यावर मी एक शब्द बोलले नाही. सोयीचं होतं म्हणून बोलले नाही, दुसरं काही कारण नव्हतं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

दीड वर्ष असंच गेलं. मग तो दिवस आला.

गावात पाणीपुरवठ्याच्या नव्या योजनेचं उद्घाटन होतं. मोठे पुढारी येणार, बटण दाबणार, पंप सुरू होणार आणि टाकीजवळच्या नळाला पाणी येणार, असा कार्यक्रम. मंडप, हार, बायका घागरी घेऊन बसलेल्या. माईकला जनरेटर होता, पण पंपाला आमचीच वीज लागणार. आणि दुपारी साडेतीनला गावठाण फिडर पडला. इन्सुलेटर फुटलं होतं. दत्तू लाईनमन गहिनीनाथला घेऊन धावला आणि मी परमिट दिलं. सव्वाचारला दत्तूचा फोन आला. काम झालं मॅडम, माणसं उतरली, परमिट परत.

मी वेळ लिहिली, पाटी काढायला उठले. पण फोन अजून कानाला होता आणि त्याच्या आवाजामागं मोटरसायकल चालू होती. दत्तू निघालेला होता. मी सहज विचारलं, गहिनीनाथ मागं बसलाय का?

"न्हाई मॅडम. साहेबांनी पंपावर बोलावलंय म्हनून मी म्होरं निघालो. तो चालत येतो म्हनला. उतरलाच आसंल."

"तू त्याला उतरताना बघितलंस का?"

दत्तू म्हणाला, साखळी काढली तेव्हा तो उतरतच होता, आणि परमिट तर मी परत केलंय, माझ्याकडून क्लिअर आहे.

त्याचं खरं होतं. नियमानं मी मोकळी होते. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत केलं होतं, वेळ लिहिलेली होती. मी ब्रेकर बसवला असता आणि काही झालं असतं तर कुठल्याही चौकशीत माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. मी दत्तूला म्हटलं, गाडी फिरव आणि त्याला बघून ये. पाटी मी काढणार नाही.

गहिनीनाथला फोन लावला. रिंग जात राहिली, उचलला नाही. फोन शर्टाच्या खिशात असणार आणि शर्ट बाभळीला.

तेवढ्यात वाघचौरे साहेबांचा फोन. पुढारी आलेत, नारळ फुटलाय, ताबडतोब चार्ज करा. मी म्हटलं, साहेब, खांबावर माणूस असायची शक्यता आहे. ते म्हणाले, कोण माणूस? दत्तू तर इकडंच निघालाय, आपलं दुसरं कुणीच नाही तिथं.

"आपला नाही साहेब. गहिनीनाथ."

पलीकडं माईकवर कुणाच्या तरी कौतुकाचं भाषण चाललेलं मला ऐकू येत होतं. साहेब हळू आवाजात म्हणाले, मॅडम, तो माणूस आपल्या रेकॉर्डवर नाही. मी म्हटलं, रेकॉर्डवर नाही, खांबावर असला तर? त्यांनी सांगितलं, हा माझा आदेश आहे. मी म्हटलं, मग तुम्ही मला लेखी पाठवा, गहिनीनाथ खाली आहे हे मी स्वतः बघितलं असं. त्यांनी फोन ठेवला.

मी धीट बाई नाही हो. पाल दिसली तर खुर्चीवर चढणारी. नोकरीची दोन वर्षं राहिली होती आणि साहेबांना उलट बोलायची ती माझी पहिलीच वेळ. मी पॅनेलला पाठ टेकून उभी राहिले. दहा मिनिटांत पांढऱ्या कपड्यांतले दोन कार्यकर्ते गाडीनं आले, सरळ खोलीत. एक जरा बऱ्यापैकी बोलत होता, बाई, दाबा की बटन, कावून अडलंय? दुसरा त्यालाच म्हणाला, हिला काय विचारतो बे, आपणच दाबू, आणि पुढं सरकला. मी म्हटलं, या, या. इथं अकरा हजाराचं काम आहे, हात कुठं लागला तर मला सांगता यायचं नाही. दोघंही दारात जाऊन उभे राहिले. खरं तर पॅनेलला हात लावून काही होत नाही, मी दिवसभर तेच करत होते. पण त्या दिवशी खोटं बोलल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

दोन्ही हात पाठीमागं बांधून मी घड्याळाकडं बघत होते. मनात सारखं येत होतं की तो बापडा कधीच उतरून कुठल्या तरी टपरीवर चहा पीत असेल आणि उद्या सगळा तालुका मला हसेल. हसू दे, पण चहाच पीत असू दे, असं मी खंडोबाला म्हटलं.

वीस-बावीस मिनिटांनी फोन वाजला. नंबर वाघचौरे साहेबांचा, पण कान फुटेल असा आवाज गहिनीनाथचा.

"बाई, मी गहिनीनाथ. खाली हाय. कावून बोलावून ऱ्हायले समदे? पल्याडच्या खांबावर जम्पर ढिला दिसला, त्यो आवळाया गेलतो."

जम्पर म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा. तो हातात धरून, पकडीनं आवळत, हा माणूस तिथून तिसऱ्या खांबावर बसला होता. गावचं उद्घाटन आहे, पुन्हा लाईट जायला नको म्हणून, कुणी सांगितलेलं नसताना.

मी विचारलं, दोन्ही पाय जमिनीवर आहेत का? तो हसला, म्हणाला, हायेत की, मोजून सांगू का? मग दत्तूनं फोन घेतला आणि आपलं नाव सांगितलं, खाली आहे म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता. आणि मग साहेब स्वतः फोनवर आले.

"मॅडम, मी वाघचौरे. मीही खाली आहे. आता चार्ज करा."

झालं असं होतं की माझा फोन ठेवल्यावर साहेब मिनिटभर मंडपाच्या कडेला उभे राहिले आणि मग कुणाला काही न सांगता कुणाची तरी मोटरसायकल घेऊन निघाले. दत्तू वाटेत भेटला. तिसऱ्या खांबाजवळ पोचल्यावर वर बघितलं तर तो जम्पर आवळत बसलेला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. माझ्याच फोनवर हा माणूस गेला असता, मॅडम, असं ते दोनदा म्हणाले.

मी पाटी काढली, ब्रेकर बसवला. गुण्ण आवाज झाला, मीटरचा काटा वर गेला. मग मी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. दारातले दोघं घाबरले. त्यातल्या एकानं मला पाणी आणून दिलं. ते पाणी मी आजपर्यंत विसरलेली नाही, इतकं गोड लागलं.

साहेब मंडपात परत गेले आणि सरळ पुढाऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले, उशीर माझ्यामुळं झाला, खांबावर माणूस होता आणि मी त्याला मोजलं नव्हतं. मला वाटलं होतं की आता पुढारी वाघचौरे साहेबांची बदली मागणार. पण दत्तूनं सांगितलं, ते स्वतःच्या स्वीय सहायकाकडं वळून म्हणाले, मला कुणी सांगितलं का नाही? मी काय पाच मिनिटं बसलो नसतो? खरंच, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. घाई सगळी मधल्या लोकांची होती. भाषणं मात्र त्यांनी पुढचा अर्धा तास आणखी ऐकवली, कारण पंपाला पाणी चढायला वेळ लागत होता. घागरी भरल्या. बायकांनी कुंकू लावलं ते पंपाला.

दुसऱ्या दिवशी वाघचौरे साहेबांनी रजिस्टर मागवलं. मी वेळ लिहिली होती आणि कारणाची जागा मोकळी सोडली होती. त्यांनी स्वतःच्या अक्षरात पूर्ण हकिगत लिहिली, गहिनीनाथचं नाव, गाव आणि 'माझ्या माहितीनं तो लाईनवर काम करतो' हेही. खाली सही केली. मी म्हटलं, साहेब, हे तुमच्या अंगाशी येईल. ते म्हणाले, येऊ द्या. आलंच. त्यांना मेमो आला, त्याला त्यांनी एका ओळीत कबूल म्हणून उत्तर दिलं आणि सोबत मागणी जोडली की या माणसाला कंत्राटावर मदतनीस म्हणून घ्या. सात-आठ महिने कागद इकडून तिकडं फिरले, पण गहिनीनाथला शेवटी पट्टा, टोपी आणि हातमोजे मिळाले. बाकीच्या गावांतले झिरो मात्र अजून झिरोच आहेत. ते काम माझ्याच्यानं झालं नाही, त्याची रुखरुख आहे.

मी उद्घाटनाच्या संध्याकाळीच नानांना फोन करून सगळं सांगितलं, स्वतःची चूक पण सांगितली की तुमची रीत मीच मोडू दिली. त्यांनी विचारलं, उतरला ना? मी म्हटलं, उतरला. म्हणाले, मग आता दोन घास खाऊन घे.

आठवड्यानं एक बाई उपकेंद्रात आली. हातात शेळीच्या दुधाचा तांब्या, डोक्यावर पदर. गहिनीनाथची बायको, कौसाबाई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची दिली तर ती खालीच बसली, मग मीही खाली बसले. दूध मी घेतलं. ती बराच वेळ पॅनेलकडं बघत होती, मग म्हणाली, हेच का ते? मी म्हटलं, हेच. मी तिला सांगायला गेले की आता काळजी नको, आता सगळ्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मी हात लावणार नाही. ती माझ्याकडं न बघता बोलली.

"बाई, लाईट आली की समदं गाव खूश होतं. पोरं वरडत्यात. माजं उलटं हाय. इतकी वर्सं, बल्ब पेटला की हा दारात दिसंस्तोवर मी चुलीम्होरून उठत न्हाई."

इतकी वर्षं मी फिडर चार्ज केला की समाधानानं वेळ लिहायची, चला, लोकांचा दिवा लागला. त्यातल्या एका घरात दिवा लागला की बाई थिजून बसत होती, आणि हे मला माहीत नव्हतं. मी तिचा नंबर मागून घेतला.

त्यानंतर गहिनीनाथ जेव्हा जेव्हा खांबावर चढला तेव्हा त्याचा आवाज ऐकल्यावर, ब्रेकरला हात लावायच्या आधी मी आणखी एक फोन करायची. कुठल्याही नियमावलीत नसलेला. निवृत्तीच्या दिवशी नव्या यंत्रचालक पोरीला मी तो नंबर दिला आणि माझ्यासमोर लावायला लावला. फिडर बंदच होता, गहिनीनाथ नुकताच उतरला होता. पोरगी गोंधळली, काय बोलू म्हणाली. मी शिकवलं तसं तिनं सांगितलं, वहिनी, ते खाली आहेत, मी लाईट सोडतेय.

पलीकडून कौसाबाई म्हणाली, "बरं बाई. टाका आता."